घातलेला सुगंध, आलेला सुगंध

मी शाळेत दोन भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. दरवर्षी कुठला ना कुठला मुलगा हा प्रश्न विचारतोच, "टीचर, उर्दूत चाय, मराठीत चहा आणि इंग्रजीत टी. वस्तू एक, मग नावं तीन कशाला?" प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर त्याहून गमतीचं आहे. तिन्ही नावं चिनीच आहेत. चीनमध्ये चहासाठी अक्षर एकच, पण प्रांताप्रमाणे उच्चार वेगळा. बहुतेक ठिकाणी 'छा', आणि दक्षिणेकडच्या फुजियान प्रांताच्या किनाऱ्यावर 'ते'. खुष्कीच्या मार्गाने, म्हणजे मध्य आशिया आणि इराणमधून जो शब्द आला तो 'चाय' झाला. मकावच्या बाजूने पोर्तुगीजांनी उचलला तो 'चा' झाला, आणि आपला 'चहा' याच घराण्यातला. डचांनी फुजियानच्या किनाऱ्यावरून माल नेला, म्हणून युरोपात 'ते', 'टे', 'टी' गेला. शब्दावरूनच कळतं की कोणाचा चहा कोणत्या वाटेने आला.

या फुजियानशी आपल्या लोकांचं नातं फार जुनं आहे. इ. स. 851 च्या सुमाराचा एक अरबी वृत्तांत आहे, सुलैमान नावाच्या व्यापाऱ्याशी त्याचं नाव जोडलं जातं. चिनी लोक गरम पाण्यात टाकून पितात त्या 'साख' नावाच्या कडवट पाल्याचा उल्लेख त्यात येतो. चीनबाहेरच्या माणसाने केलेल्या चहाच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. फुजियानमधलं च्वानझोऊ हे बंदर अरबांना 'जैतून' या नावाने माहीत होतं. तिथे 1009 साली बांधलेली मशीद आजही उभी आहे. आपलं दौलताबाद पाहिलेला इब्न बतूता चौदाव्या शतकात या बंदरातही उतरला होता. आणि ज्या उलाँग चहाबद्दल मला आज लिहायचं आहे, त्यातला सर्वांत नावाजलेला प्रकार पिकतो तो आन्शी तालुका याच च्वानझोऊच्या हद्दीत येतो.

हे सगळं मला पुस्तकात वाचून माहीत होतं. प्रत्यक्ष चव मात्र घरात आली ती माझ्या भाच्यामुळे. आपल्याकडची बरीच मुलं एमबीबीएससाठी चीनला जातात, तसा तोही गेला होता. फुजियानची राजधानी फुझोऊ इथे तो शिकला. डिग्री घेऊन परतताना त्याने चार डबे आणले. "खाला, ये दूध में नक्को डालो," एवढंच सांगून तो इंटर्नशिपला निघून गेला. डबे वर्षभर फडताळात पडून होते. माझ्या भावाने दुबईहून पाठवलेला अर्ल ग्रेचा पाचवा डबा त्यांच्याच शेजारी.

पडून राहणारच. आपल्या घरात चहा म्हणजे काय? बारीक दाण्याची पावडर, दूध, साखर, आलं, आणि पातेल्यात आलेला उतू. ही पावडर ज्या पद्धतीने होते तिला सीटीसी म्हणतात. पान चिरडायचं, फाडायचं, वळवायचं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला आसाममध्ये हे यंत्र आलं. त्या दाण्याचा रंग झटकन उतरतो, कडकपणा भरपूर असतो, आणि दूध-साखर घालूनही चव हटत नाही. थोड्या पावडरीत जास्त कप होतात. गरिबाच्या घरात चहा पोहोचला तो या दाण्यामुळे. म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या चहात पानाचा वास शोधायला गेलात तर सापडत नाही. तो त्यासाठी केलेलाच नसतो.

डबे उघडले गेले ते अब्बांच्या इंतेकालनंतर.

बिगरमुस्लिम वाचकांसाठी थोडं सांगते. नवरा वारला की बाईने चार महिने दहा दिवस इद्दतीत राहायचं असतं. या काळात ती घरातच राहते, शृंगार करत नाही, भडक कपडे-दागिने घालत नाही, अत्तर लावत नाही, केसात गजरा माळत नाही. अम्मी हे सगळं अगदी काटेकोर पाळत होती. भेटायला येणाऱ्या बायांची रीघ होती. येणाऱ्यासाठी पातेलंभर चहा होत होता. अम्मीच्या पुढेही कप ठेवला जायचा, पण ती पीत नव्हती. बोलता बोलता कपावर साय धरायची, मग मी तो उचलून न्यायचे.

सेहेचाळीस वर्षं तिने अब्बांसाठी अस्रच्या नमाजनंतर चहा केला होता. अब्बा मशिदीतून यायचे, चपला काढता काढता खाकरायचे, आणि अम्मी गॅस पेटवायची. आता ती वेळ झाली की ती अस्वस्थ व्हायची. दुधाच्या चहाचा वास आला की उठून आतल्या खोलीत जायची. त्यातच तिची साखर वाढली. डॉक्टरांनी सांगितलं, चहातली साखर पूर्ण बंद. ती म्हणाली, "अच्छा हुआ. अब चा बी बंद."

मला हे बरं वाटेना. तिचं खाणं कमी झालंच होतं, आता चारची ती एक वेळही गेली असती. दिवसाला काहीतरी खुंटी लागते टांगायला. म्हणून एका दुपारी मी फडताळातले डबे काढून तिच्या पुढ्यात ओळीने ठेवले आणि म्हटलं, "अम्मी, हे काय आहे ते मला कळत नाही. तूच वास घेऊन सांग." स्वयंपाकात अम्मीचं नाक घराचं नाक होतं. दूध नासायच्या आधी तिला कळायचं. सांगितलेलं काम ती टाळणार नाही हे मला माहीत होतं.

तिने पहिला डबा उघडला आणि लगेच म्हणाली, "चूल्हा!"

तो लापसांग सूचाँग होता. फुजियानच्या वायव्येला वूयी डोंगर आहेत, तिथल्या थोंगमू गावाचा हा चहा. जगातल्या काळ्या चहाची ही सर्वांत जुनी जात मानली जाते. पान सुकवताना खाली पाइनची लाकडं जाळतात, त्यांचा धूर पानात मुरतो. मी चिनी मातीच्या मोठ्या कपात एक चमचा पत्ती घातली, उकळतं पाणी ओतलं, वर बशी झाकली, तीन मिनिटांनी गाळून दिला. रंग लालसर, तांब्यासारखा. अम्मीने कप हातात धरला, प्यायली नाही, नुसता वास घेत बसली. मग तिच्या माहेरच्या चुलीबद्दल बोलू लागली. बाभळीच्या लाकडाचा धूर कसा असतो, गोवऱ्यांचा कसा, पावसाळ्यात ओल्या लाकडाने डोळे कसे चुरचुरायचे, आणि तिची आई चुलीच्या निखाऱ्यावर गुळाचा चहा कसा ठेवायची. अब्बा गेल्यापासून ती इतकं पहिल्यांदाच बोलली. अर्धा कप प्यायली. साखर मागितली नाही. "कडू नई है," ती म्हणाली, "धूर का है."

दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "दूसरा डब्बा कौन सा है?"

दुसऱ्या डब्यात उलाँग होता, आन्शीचा तिएग्वानयिन. घट्ट वळलेल्या, गडद हिरव्या गोळ्या, सुकलेल्या वाटाण्याएवढ्या. पाणी पडल्यावर त्या हळूहळू उलगडत गेल्या आणि कपात अख्खी पानं तरंगू लागली. अम्मीला त्याचंच आधी नवल वाटलं. आयुष्यभर चहा केला, पण चहाचं पान तिने कधी पाहिलं नव्हतं! मग तिने वास घेतला आणि कप खाली ठेवला.

"इसमें फूल डाले हैं."

"नाही, काही घातलेलं नाही."

"फिर ये बास कहाँ से आयी? मैं इद्दत में हूँ. फूल की खुशबू वाला मेरे को नक्को."

आता आली पंचाईत. इद्दतीत अत्तर वर्ज्य हे तिला ठाऊक होतं, पण सुगंधी पेयाचं काय, हा प्रश्न तिच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा आला होता. मोहल्ल्यातल्या आलिमा बाजींना विचारलं. त्या म्हणाल्या, बंदी लावण्या-माळण्याच्या खुशबूला आहे, खाण्यापिण्याची गोष्ट वेगळी. पण मनाला खटकत असेल तर थांबलात तरी काही बिघडत नाही. फिकहच्या बारकाव्यात शिरायचा माझा अधिकार नाही, त्यामुळे मी तिथेच थांबले. अम्मीने मात्र स्वतःपुरता नियम केला. ज्या चहात बाहेरून सुगंध घातला असेल तो इद्दत संपेपर्यंत नको. ज्यात काही घातलेलं नाही, पानाचाच वास आहे, तो चालेल. आणि कोणता डबा कोणत्या गटात बसतो हे शोधून काढायचं काम माझ्याकडे आलं.

चहाच्या जगात हाच फरक सर्वांत मूळचा समजला जातो, हे मला त्या शोधात कळलं. एका बाजूला सुगंध घातलेले चहा, दुसऱ्या बाजूला सुगंध आलेले. शौकीन लोक ज्या भेदावर पानंच्या पानं लिहितात, तिथे अम्मी आपल्या परहेजगारीच्या वाटेने एका दुपारीत पोहोचली होती.

मी भाच्याला फोन लावला. त्याने आन्शीच्या बागेत जे पाहिलं होतं ते सांगितलं, आणि बाकीचं मी वाचून काढलं. हिरवा चहा, उलाँग आणि काळा चहा ही तीन वेगळी झाडं नाहीत. झाड एकच. फरक पान खुडल्यानंतरचा. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस होतं ना, तसंच चहाचं पान दुखावलं की हवेने बदलत जातं. हिरव्या चहात पान लगेच तापवून हा बदल रोखतात. काळ्या चहात तो पूर्ण होऊ देतात. उलाँग या दोघांच्या मधे. पान आधी उन्हात थोडं मलूल होऊ देतात. मग सुपात घोळवावं तसं बांबूच्या पाट्यांत घोळवतात, थांबतात, पुन्हा घोळवतात. पानाच्या कडा ठेचल्या जातात आणि तांबूस होतात, मधला भाग हिरवाच राहतो. हे रात्रभर चालतं. कारागीर वास घेत राहतो, आणि हवा तो वास आला की पान तापल्या कढईत टाकून तो बदल तिथेच थांबवतो. मग वळणं, सुकवणं, काहींना कोळशावर भाजणं. फुलाचा, फळाचा, दुधाचा जो वास आपल्याला येतो तो त्या घोळवण्यातून पानातच तयार झालेला असतो. उलाँगमध्ये हा बदल साधारण दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कुठेही थांबवता येतो, म्हणून एकाच नावाखाली इतक्या तऱ्हा.

अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मतलब मार खाके खुशबू आयी." तैवानमध्ये तर एक उलाँग असा आहे की ज्याच्या पानाला बारीक तुडतुडे चावल्याशिवाय त्याचा मधासारखा वास येतच नाही, हे मी सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही.

तिएग्वानयिन तिने मान्य केला. आणि मग आमचा रोजचा शिरस्ता बसला. अस्रनंतर मी शाळेतून आलेली असायचे. एक दिवस हा, एक दिवस तो. तिसऱ्या डब्यात वूयी डोंगराचा भाजलेला उलाँग होता. तो पहिल्यांदा प्यायली तेव्हा म्हणाली, "फुटाने." दुसऱ्यांदा त्याच पत्तीवर पाणी घातलं तेव्हा म्हणाली, "अब फुटाने गये, भुनी मूँगफल्ली का छिल्टा है." तिसऱ्यांदा, "पैली बारिश की मिट्टी." चौथ्यांदा, "अब खाली मीठा पानी."

उलाँग पिण्याची खरी पद्धत हीच आहे. फुजियानमध्ये याला गॉन्गफू चहा म्हणतात, म्हणजे सवड काढून, हात बसवून केलेला चहा. झाकणाच्या छोट्या वाटीत भरपूर पत्ती, 100 मिलिलिटर पाण्याला साधारण 5 ग्रॅम, आणि पाणी फक्त वीस-तीस सेकंद. मग तीच पत्ती पुन्हा, थोडा जास्त वेळ. पाच-सहा पाणी सहज निघतात आणि प्रत्येक पाण्याची चव वेगळी. पहिल्यांदा डब्याची किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले होते. पण 50 ग्रॅमचा डबा दहा बैठका पुरतो आणि प्रत्येक बैठकीत पाच-सहा वेळा ओतला जातो, हा हिशेब केल्यावर जरा धीर आला. आमच्याकडे झाकणाची वाटी नव्हतीच. कप आणि बशी यांनी काम भागलं. बोअरच्या पाण्याने मात्र भागलं नाही. आमचं पाणी जड, त्यात चहावर तवंग येतो आणि वास मरतो. फिल्टरचं पाणी घेतल्यावर तोच चहा खुलला.

भाषेची शिक्षक म्हणून माझं सगळ्यात जास्त लक्ष होतं ते अम्मीच्या शब्दांकडे. डब्यांवर इंग्रजीत 'ऑर्किड', 'हेझलनट' असं काय काय छापलेलं होतं. अम्मीने ना ऑर्किड पाहिलं, ना हेझलनट खाल्लं. तिला चव सांगता येत नव्हती असं मात्र अजिबात नाही. हिरव्या उलाँगला ती "हुरडे की बास" म्हणाली, आणि ती इतकी बरोबर होती की मला आता तो वास दुसऱ्या शब्दात सांगताच येत नाही. मराठीत वासाचे आणि चवीचे शब्द किती आहेत पाहा. खमंग, उग्र, करपट, कुबट, दरवळ, घमघमाट. शिवाय अर्धवट चवींसाठी वेगळे प्रत्यय. गोडसर, कडवट, आंबूस, तुरटसर. उर्दूत सोंधी आहे, भीनी आहे. सोंधीमध्ये भाजलेल्या चण्याचा वासही येतो आणि पहिल्या पावसाच्या मातीचाही. मराठीला त्यासाठी खमंग आणि मृद्गंध असे दोन शब्द लागतात. त्या वूयीच्या चहात हे दोन्ही वास एकामागून एक येत होते, तेव्हा मला 'सोंधी' हा शब्द नव्याने कळला. घोट गिळल्यावर घशातून मागे फिरून येणाऱ्या गोडीला चिनी भाषेत स्वतंत्र शब्द आहे. अम्मी त्याला "पलट के आयी मिठास" म्हणायची. मला आवळा खाऊन पाणी प्यायल्याची आठवण झाली.

आणखी एक गंमत. अम्मी चहा बशीत ओतून भुरका मारत पिते. लहानपणी आम्हाला पाहुण्यांपुढे त्याची लाज वाटायची. पण चहाच्या कंपन्यांतले परीक्षक नेमकं हेच करतात. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे. 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं. मग चमच्याने जोरात भुरका. कारण भुरक्याबरोबर हवा आत जाते आणि वास घशामागून नाकात चढतो. चव आपण जिभेवर घेतो असं वाटतं खरं, पण तिचा मोठा भाग नाकात असतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागतं ते यामुळेच.

इद्दतीच्या तिसऱ्या महिन्यात मी तिला मौलाना आझादांचं 'गुबार-ए-खातिर' वाचून दाखवायला घेतलं. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. पंडित नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं हे सगळ्यांना माहीत असतं. मौलानांनी तिथेच मित्राला उद्देशून पत्रं लिहिली, जी तेव्हा पाठवता येत नव्हती. ती 1946 मध्ये पुस्तकरूपाने आली. उर्दू गद्याचा तो एक उत्तम नमुना आहे, आणि त्यात चहावर एक अख्खं पत्र आहे. मौलाना पहाटे चारच्या सुमाराला उठत, स्वतःच्या हाताने चहा करत. चहा चिनी, नाव व्हाइट जास्मिन, दूध नाही. दूध घालण्याच्या चालीवर ते तुटून पडतात. ही खोड इंग्रजांची, आणि हिंदुस्तानी लोकांनी तर ती आणखी पुढे नेऊन चहाचा पातळ हलवा करून टाकला, अशी त्यांची टर.

अम्मी मनापासून हसली. म्हणाली, "मौलाना को अच्छी दूध की चा बना के देने वाली कोई मिली नई होगी."

इथे मी अम्मीच्या बाजूची आहे. मौलानांची जीभ थोर, पण दुधाचा चहा म्हणजे बिघडलेला चहा नव्हे. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरटपणाला बांधून ठेवतात, म्हणून कडक दाण्याचा चहा घशाखाली उतरतो. उन्हात राबून आलेल्या माणसाला तो पोटाला आधार देतो. हिरव्या उलाँगात दूध घातलं तर उलाँग वाया जाईल, आणि सीटीसी नुसत्या पाण्यात उकळून प्यायला तर जीभ आखडेल. ज्याचं त्याला.

मग अम्मीने विचारलं, "और उनकी बीवी?" मी सांगितलं. जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारकडे अर्ज केला असता तर कदाचित भेट झाली असती, पण मौलानांनी अर्ज केला नाही. एप्रिल 1943 मध्ये बेगम गेल्या. मौलाना नगरच्या किल्ल्यातच होते.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उस दिन बी चार बजे उठके चा बनाये होंगे?"

मी म्हटलं, रोजचा शिरस्ता मोडू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तसं त्यांनी लिहिलंय.

"हौ," ती म्हणाली. "बनाना पड़ता." आणि उठून स्वतः पाणी ठेवायला गेली. अब्बा गेल्यानंतर तिने गॅस पेटवून स्वतःच्या हाताने केलेला तो पहिला चहा.

चौथा डबा आणि भावाचा अर्ल ग्रे शेवटपर्यंत बंद होते. अर्ल ग्रे म्हणजे काळ्या चहाला बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल लावतात. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कलाब्रियात होतं. 1830 ते 1834 या काळात इंग्लंडचे पंतप्रधान असलेल्या दुसऱ्या अर्ल ग्रेंचं नाव त्याला का पडलं याच्या कथा अनेक आहेत, पक्की एकही नाही. चौथा डबा फुझोऊच्या जास्मिन चहाचा होता. त्यातलं फूल म्हणजे आपला मोगराच. संध्याकाळी न उमललेल्या कळ्या आणून चहाच्या पानात मिसळतात. कळ्या रात्री उमलतात आणि पान सुगंध पिऊन घेतं. सकाळी फुलं काढून टाकतात आणि दुसऱ्या रात्री पुन्हा ताज्या कळ्या. चांगल्या चहाला असे बरेच थर देतात. फूल निघून जातं, वास राहतो.

चार महिने दहा दिवस पूर्ण झाले. आंघोळ करून, दोन रकात नफ्ल पढून अम्मी बाहेर आली. नातेवाईक बाया जमल्या होत्या, त्यांच्यासाठी दुधाचा चहा झाला. त्या गेल्यावर तिने मोगऱ्याचा डबा स्वतः उघडला. पहिल्या घोटानंतर म्हणाली, "ये डाली हुई खुशबू है. पैले पानी में सब निकल जाती." दुसऱ्या पाण्यात खरंच वास निम्म्यावर आला. मी विचारलं, म्हणजे आवडला नाही का? "आवडला," ती मराठीतच म्हणाली. "अपने-अपने जगा पे दोनों अच्छे." अर्ल ग्रेला मात्र तिने "किसी की अत्तर की शीशी गिरी" म्हणून नापास केलं.

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांना चीनला जायची गरज नाही. दार्जिलिंगच्या काही बागा आता उलाँग करतात, तो पुण्या-मुंबईच्या चहाच्या दुकानांत मिळतो. काळ्या चहासाठी पाणी उकळतं, उलाँगसाठी उकळी बसल्यावर मिनिटभर थांबून. पहिला घोट साखरेविना. वेलची-लिंबाची सुलैमानी आमच्या कोकणी आणि केरळी भावांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. काश्मीरचा केशर-दालचिनीचा कहवा आहे. आणि आपल्या परसात गवती चहा आहे, ज्याला मराठीने चहा नसूनही चहाचं नाव दिलं. सुगंध घातलेल्या चहाची परंपरा आपल्यालाही नवी नाही.

फक्त एक करा. घरात ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना गरम चहा देऊन स्वतः गार झालेला प्यायला, तिला आधी बसवा आणि पहिला कप तिच्या हातात द्या. वास कशाचा येतो ते तिला विचारा आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. अम्मीचे शब्द मी माझ्या जुन्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर लिहिले आहेत. कालच एक नवा आला आहे, पण तो कोणत्या वासाला म्हणतात हे तिने अजून सांगितलेलं नाही.